एका मतदारसंघाची बखर : ठाणें आणि कल्याण

राजांच्या वंशावळी आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या गेल्या. परंतु ज्या प्रजेनें १९५२ पासून आपले राज्यकर्ते स्वतः निवडले, तिच्या निवडीचा इतिहास लिहिण्याची चाल अद्याप आपल्यांत पडलेली नाहीं. निवडणूक संपली, गुलाल धुतला गेला, कीं सारें विसरलें जातें. म्हणून आज आम्हीं एका लहानशा ठिकाणापासून आरंभ करण्याचें योजिलें आहे. तें ठिकाण म्हणजे कल्याण व डोंबिवली यांच्यामधील ठाकुर्ली. जी. आय. पी. रेल्वेनें येथें आपलें विजेचें केंद्र उभारलें, आणि त्या विजेवर मुंबईच्या आगगाड्या धांवल्या. अशा या गांवाचें मत दिल्लीस कोणकोणत्या वाटेनें गेलें, हें पाहिलें असतां सबंध ठाणें जिल्ह्याचें स्थित्यंतर डोळ्यांपुढें उभें राहतें.

इंग्रजी अमलांत मत हा हक्क नसून मालमत्तेचा मान होता. १९१९ च्या कायद्यानें मुंबई इलाख्याच्या कौन्सिलांत निवडलेल्या सभासदांची संख्या वाढली खरी, परंतु जो सारा किंवा कर भरी त्यालाच मत. स्त्रियांना तें १९२१ मध्यें कौन्सिलच्या ठरावानें मिळालें. अट मात्र मालमत्तेचीच राहिली. १९३५ च्या कायद्यानंतरही प्रौढांपैकीं सुमारें षष्ठांश लोकच मतदार झाले. यावरून रेल्वेच्या रुळांवर राबणारा खलाशी, खाडीकांठचा कोळी, किंवा डोंगरांतला वारली यांचें त्या यादींत काय स्थान असेल, तें वाचकांनीं ताडावें.

१९५२ सालीं ही अट एका फटक्यानें गेली. पहिल्या लोकसभेच्या त्या निवडणुकींत ठाणें हा दोन सभासदांचा मतदारसंघ होता. अशा मतदारसंघांतील एक जागा राखीव असे. प्रत्येक मतदारास दोन मतें असत, आणि तीं दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. उमेदवारागणिक पेटी निराळी, आणि पेटीवर त्याचें चिन्ह. अक्षरशत्रु मनुष्यालाही आपलें मत ओळखून टाकतां यावें, अशी ती योजना होती. त्या वर्षीं गोविंद धर्माजी वर्तक आणि अनंत सावळाराम नांदकर हे दोघे काँग्रेसतर्फे दिल्लीस गेले.

पांचच वर्षांनीं चित्र पालटलें. १९५७ सालीं शामराव परुळेकर हे कम्युनिस्ट पुढारी येथून निवडून आले. हा चमत्कार एका दिवसांत झालेला नव्हता. जानेवारी १९४५ मध्यें कल्याणजवळच्या टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली होती. त्यानंतर शामराव व गोदावरीबाई परुळेकर यांनीं डहाणू-तलासरीकडील वारल्यांमध्यें वेठबिगारीविरुद्ध जी चळवळ उभी केली, तिचें वृत्त गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळें मराठी वाचकांस परिचित आहेच. त्यांत १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीची लाट मिळाली. म्हणजे डोंगरांतील वेठबिगाराचा आणि शहरांतील मध्यमवर्गाचा असंतोष एकाच मतपेटींत पडला. पुढें १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, ती लाट ओसरली, आणि १९६२ सालीं सोनूभाऊ बसवंत यांच्या रूपानें काँग्रेस परत आली. दरम्यान १९६१ च्या कायद्यानें दोन सभासदांचे मतदारसंघ रद्द झाले होते. १९६७ ते १९७७ या दशकांत तर ठाणें या नांवाचा मतदारसंघच उरला नाहीं. बसवंत १९६७ सालीं भिवंडीहून लोकसभेंत गेले.

१९७७ सालीं ठाणें हें नांव पुन्हां यादींत आलें, तें आणीबाणीच्या पार्श्वभूमीवर. जनता पक्षाचे रामचंद्र काशिनाथ म्हाळगी निवडून आले. १९८० सालीं इंदिरा गांधींचा देशभर जय झाला असतांही त्यांनीं ही जागा राखली. आपण वर्षभरांत काय केलें याचा हिशेब मतदारांपुढें मांडण्याची त्यांची पद्धत होती. पक्षभेद बाजूस ठेवून आम्हांस असें वाटतें कीं, या बखरींतील अनुकरणीय गोष्ट कोणती, असें कोणी विचारल्यास हीच सांगावी लागेल. १९८२ सालीं ते वारले. पोटनिवडणुकींत भारतीय जनता पक्षाचे जगन्नाथ पाटील आले. १९८४ सालीं इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेंत काँग्रेसचे शांताराम घोलप विजयी झाले. १९८९ व १९९१ सालीं कल्याणचे प्राध्यापक राम कापसे भाजपतर्फे निवडले गेले. युतींतील वांटणींत पुढें ही जागा शिवसेनेकडे गेली, आणि १९९६ पासून प्रकाश परांजपे लागोपाठ चार वेळां निवडून आले. २००८ सालीं त्यांचें निधन झाल्यावर पोटनिवडणुकींत त्यांचे पुत्र आनंद परांजपे यांस लोकांनीं कौल दिला.

येथवर नांवांची कथा झाली. परंतु आमच्या मतें खरी कथा नांवांची नसून हद्दींची आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें लोकसभेच्या जागांची वांटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठविली. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊं नये, हा तिचा हेतु स्तुत्य होता. पण घटनेचें घड्याळ थांबलें म्हणून लोकांची वस्ती थोडीच थांबते ? मुंबईंत घर परवडेना, तेव्हां दादर-गिरगांवांतलीं कुटुंबें ठाणें, डोंबिवली, कल्याणकडे सरकलीं; भातखाचरांच्या जागीं चाळी व पुढें इमारती झाल्या. परिणाम असा, कीं २००४ सालीं ठाणें मतदारसंघाची मतदारसंख्या पंचवीस लाखांच्या पुढें गेली होती, आणि देशांतील अतिविशाल मतदारसंघांत त्याची गणना होत होती. उलट, जेथून ही माणसें निघालीं, ते दक्षिण मुंबईचे मतदारसंघ त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही नव्हते. म्हणजे गिरगांवचें बिऱ्हाड ठाकुर्लीस हलविणाऱ्या गृहस्थानें खोल्या वाढविल्या, पण मताचें मोल तिपटीहून अधिक गमावलें ! मत प्रत्येकास एक, हें तत्त्व कायद्यांत अबाधित होतें. त्याचें वजन मात्र पत्त्याप्रमाणें बदलत होतें.

न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें २००१ च्या जनगणनेवरून हद्दी नव्यानें आंखल्या, आणि २००९ सालीं कल्याण हा स्वतंत्र मतदारसंघ प्रथम मतदानास गेला. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा असे त्याचे सहा विधानसभा-विभाग. यांतली गंमत अशी, कीं दुर्गाडी किल्ला आणि जुनें कल्याण ज्यांत येतें, तो कल्याण पश्चिम विभाग भिवंडी मतदारसंघांत गेला. नांव एकीकडे आणि किल्ला दुसरीकडे ! २००९ सालीं आनंद परांजपे शिवसेनेतर्फे कल्याणचे पहिले खासदार झाले. २०१४ सालीं तेच राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे उभे असतां शिवसेनेचे श्रीकांत शिंदे यांनीं त्यांचा पराभव केला. शिंदे २०१९ सालीं पुन्हां निवडून आले. २०२४ सालीं दुभंगलेल्या शिवसेनेचे दोन भाग समोरासमोर आले. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या वैशाली दरेकर-राणे यांचा पराभव करून त्यांनीं तिसरा विजय मिळविला.

या बखरींतून दोन गोष्टी आमच्या मनांत राहतात. एक ही, कीं १९५२ ते २०२४ या बहात्तर वर्षांत ठाणें किंवा कल्याण या नांवाच्या मतदारसंघानें एकही स्त्री लोकसभेंत धाडली नाहीं. ज्या जिल्ह्यांत गोदावरीबाईंनीं वारल्यांना बोलतें केलें, त्या जिल्ह्याविषयीं हें लिहितांना लेखणी अडखळते. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनें स्त्रियांसाठीं एक-तृतीयांश जागा राखण्याचें ठरविलें आहे. परंतु तीही नव्या जनगणनेवर व नव्या हद्दींवर अवलंबून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. कल्याण मतदारसंघांत २००९ सालीं मतदान झालें तें सुमारें चौतीस टक्के. २०२४ सालीं तें सुमारें पन्नासांवर आलें. ज्या हक्कासाठीं आमच्या आज्यापणज्यांस साऱ्याची पावती दाखवावी लागे, तो आज वीस लाखांहून अधिक लोकांस विनामूल्य मिळाला आहे, आणि त्यांतले निम्मे लोक तो पेटीपर्यंत नेत नाहींत. सुट्टीच्या दिवशीं गांवीं जाणें, यादींतून नांव गळणें, जुन्या पत्त्यावर मत राहणें, अशीं कारणें सांगितलीं जातात, आणि त्यांत तथ्यही आहे. परंतु हद्दी आंखणारा आयोग मोजतो तीं माणसें. प्रतिनिधि मोजतो तीं मतें. जो मोजला जातो पण मत देत नाहीं, त्याच्या वतीनें दुसराच कोणी बोलतो. नव्या हद्दी जेव्हां पडतील तेव्हां पडोत. यादींत आपलें व आपल्या घरांतील बायकामाणसांचें नांव आहे कीं नाहीं, हें पाहण्यास कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाहीं.