पटाचा हिशेब कोणी द्यायचा?

जळगावला लागून असलेले पिंप्राळा आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे; पण आषाढी एकादशीला तिथे रथ निघाला, की ते पुन्हा गावच होते. रथ ओढायला शेकडो हात असतात. त्याला वळवायला आणि थांबवायला मात्र चाकाखाली लाकडी मोगरी लावणारे मोजकेच लागतात, आणि ते कोण, हे सर्वांना ठाऊक असते.

वेगाच्या दुसऱ्या एका खेळात अशी मोगरी फार उशिरा आली. तो खेळ म्हणजे बैलांचा पट. विदर्भात त्याला शंकरपट म्हणतात, पुण्याकडे बैलगाडा शर्यत. सरळ आखलेली धाव, हलका छकडा, निवडक जोडी आणि काही सेकंदांत निकाल! अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट तर चांगलाच नावाजलेला.

निकाल सेकंदांत लागतो, खर्च मात्र बाराही महिने चालतो. पटाच्या बैलाला कोणी नांगराला जुंपत नाही. ढेप, कडबा, सरकी, राखणारा गडी, सारे मालकाच्या पदरचे. बक्षीस मिळाले तर मिळाले. जोडीला किंमत येते ती तिच्या नावामुळे, आणि नाव होते ते धावेवर.

धावच थांबली तर? जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने, खेळासाठी वापरू नयेत अशा प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात बैल काही उपाशी राहू शकत नव्हता! आयोजकांनी मंडप आवरला. गोठ्याचा खर्च मालकाकडेच राहिला.

बंदी उगाच आली, असे मात्र समजू नका. शेपटी पिळणे, टोकदार आरी टोचणे, काठीने झोडपणे हे प्रकार होत होते. ते थांबवण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती, म्हणून ते चालत राहिले. नव्या नियमांनी ती आयोजकावर टाकली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, ५० हजार रुपयांची ठेव किंवा हमी, १००० मीटरपेक्षा लांब धाव नाही, जनावरांचा डॉक्टर हजर. आणि छळ झाला तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद.

परदेशातही हाच धडा मिळाला आहे. अमेरिकेत मोटारींच्या सरळ शर्यती चालवणारी मोठी संस्था १९५१ साली निघाली. २००८ मध्ये एका नामांकित स्पर्धकाचा मृत्यू झाला, तेव्हा संस्थेने सर्वांत वेगवान गाड्यांची धाव १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणली. शर्यत भरवणाऱ्यानेच ती आखूड केली.

तेव्हा आपल्या यात्रेत पट भरला, तर दोन प्रश्न जरूर विचारा. बैलाला इजा झाली तर उत्तर कोण देणार? आणि प्रवेशाचे पैसे किती जमले, बक्षीस किती वाटले, हा हिशेब चावडीवर लागणार का? पहिल्याची तजवीज कायद्याने केली. दुसरा प्रश्न गावाने विचारायचा आहे. जिंकणाऱ्याला ढाल मिळते. हरलेल्या मालकालाही दुसऱ्या दिवशी ढेप विकत घ्यायची असते.