वायुचलित ॲक्चुएटर

वायुचलित ॲक्चुएटर हे संपीडित हवेच्या दाबावर चालणारे यंत्र असून त्याचा उपयोग औद्योगिक झडपा, म्हणजेच व्हॉल्व्ह, उघडण्यासाठी, बंद करण्यासाठी किंवा अंशतः उघड्या ठेवण्यासाठी होतो. हाताने चाक फिरवण्याऐवजी नियंत्रण कक्षातून झडप चालवणे त्यामुळे शक्य होते. हवेचा पुरवठा अचानक थांबल्यास झडप कोणत्या स्थितीत जाईल, हा त्याच्या निवडीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो.

रचना व कार्य

कॉम्प्रेसरने दाबलेली हवा, सामान्यतः ४ ते ७ बार दाबाने, ॲक्चुएटरच्या नळकांड्यात सोडली जाते. ती दट्ट्याला ढकलते व दट्ट्याची हालचाल झडपेच्या दांड्यापर्यंत पोहोचते. दाब आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराइतके बल मिळते. उदाहरणार्थ, १०० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर ६ बार दाब दिल्यास सुमारे ४,७०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४८० किलोग्रॅम वजनाइतके बल निर्माण होते. हवा आत सोडण्याचे व बाहेर काढण्याचे काम सोलेनॉइड झडप विजेच्या संकेतानुसार करते. झडप अंशतः उघडी ठेवायची असल्यास पोझिशनर हे उपकरण जोडतात. ते सामान्यतः ४ ते २० मिलिअँपिअरच्या संकेतानुसार हवेचा दाब कमीजास्त करते.

प्रकार

पाव फेरा, म्हणजे ९० अंश, फिरणाऱ्या बॉल व बटरफ्लाय झडपांसाठी दंतपट्टी व दंतचक्र असलेला ॲक्चुएटर वापरतात. मोठ्या झडपांसाठी स्कॉच योक रचना सोयीची ठरते. वरखाली सरकणाऱ्या नियंत्रक झडपांवर बहुधा रबरी पडद्याचा ॲक्चुएटर असतो. पाव फेऱ्याच्या झडपांवर ॲक्चुएटर बसवण्याची मापे आयएसओ ५२११ या मानकात दिलेली आहेत.

हवेचा पुरवठा खंडित झाल्यास

दुहेरी क्रियेच्या ॲक्चुएटरमध्ये दोन्ही दिशांची हालचाल हवेनेच होते. हवा गेल्यास झडप ठरावीक स्थितीत परत येईलच, याची खात्री नसते. स्प्रिंग परतीच्या प्रकारात हवा गेल्यावर दाबून ठेवलेली स्प्रिंग झडपेला पूर्वनिश्चित स्थितीत नेते. त्यामुळे बॉयलरच्या इंधनवाहिनीवरील झडप हवा जाताच बंद होईल, तर शीतकरणाच्या पाण्याची झडप उघडेल, अशी योजना करता येते. मात्र हवेला स्प्रिंगच्या विरोधातही काम करावे लागत असल्याने हा ॲक्चुएटर आकाराने मोठा व महाग असतो.

कोरडी हवा व स्थितिदर्शन

हवा दाबून थंड केल्यावर तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. हे पाणी नळ्यांत साचल्यास गंज चढतो व झडपा अडकतात. म्हणून हवा गाळून व कोरडी करून वापरतात. अमेरिकेतील थ्री माईल आयलंड अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी झालेल्या अपघाताची सुरुवात उपकरणांच्या हवेच्या नळ्यांत शिरलेल्या पाण्यामुळे काही झडपा बंद होऊन झाली, असे मानले जाते. त्यानंतर दाब कमी करणारी एक वेगळ्या प्रकारची झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातील दिव्यावरून मात्र ती बंद असल्याचे भासले, कारण तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती नव्हे, तर तिला दिलेला आदेश दाखवत होता. शीतकरणाचे पाणी दोन तासांहून अधिक काळ निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. म्हणूनच महत्त्वाच्या झडपांवर दांड्याची प्रत्यक्ष स्थिती कळवणारे लिमिट स्विच बसवतात.

वापर

औषधनिर्मिती, मद्यनिर्मिती, रसायन, साखर व जलशुद्धीकरण या उद्योगांत हे ॲक्चुएटर सर्रास आढळतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक क्षेत्रांत यांपैकी औषधे व मद्य तयार करणारे अनेक कारखाने आहेत. ज्वलनशील द्रावके हाताळताना ठिणगीचा धोका कमी असणे हा हवेवर चालणाऱ्या यंत्राचा मोठा गुण आहे. त्याला जोडलेली विद्युत उपकरणे मात्र ज्वालारोधक असावी लागतात. शहराच्या पश्चिमेकडील पडेगाव येथे महापालिकेचे मलजल प्रक्रिया केंद्र आहे. मलजल टप्प्याटप्प्याने टाक्यांत घेणाऱ्या केंद्रांत झडपांची उघडझाप दिवसातून अनेकदा होते व तेथे स्वयंचलित झडपा उपयुक्त ठरतात. याउलट, कॉम्प्रेसरपासून दूर असलेल्या एकाकी जलवाहिनीवर विद्युत ॲक्चुएटर किंवा हातचाक अधिक सोयीचे असते.