सोन्याच्या शहरातले आपले फेरीवाले

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात दक्षिण आफ्रिकेतला सत्याग्रह शिकवत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, गांधीजी तर वकील होते. पण त्यांच्याबरोबर जेलमध्ये कोण जात होते?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नव्हते आणि त्या दिवशी माझ्याकडेही नव्हते. मी "तिथले हिंदी लोक" एवढे म्हणून पुढे गेलो. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मलाच टोचू लागले. तिथले हिंदी लोक म्हणजे कोण? कुठून आलेले आणि कसला धंदा करणारे?

आपल्या पनवेलपासून खाली रत्नागिरीपर्यंतच्या मुस्लिम मोहल्ल्यांत परदेशातली रोजी नवी नाही. आज आखात आहे, त्याआधी जहाजावरची नोकरी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान केपटाऊनला जाऊन स्थिरावले, आणि त्यांच्या वंशजांत कोकणी बोली टिकून राहिली. कल्याणशी नाते असलेले सुफी साहेब 1895 मध्ये दर्बानला पोहोचले. लोक त्या टोकाला का जात होते, याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक मोठे कारण जमिनीच्या पोटात होते. ते म्हणजे सोने.

1886 मध्ये ट्रान्सवालच्या माळरानावर सोन्याचा थर सापडला आणि त्याच वर्षी जोहान्सबर्ग वसले. दहा वर्षांत तिथली वस्ती लाखापर्यंत गेली. पण सोन्याचे शहर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ते चित्र, म्हणजे नदीच्या वाळूत थाळी हलवून नशीब शोधणारा माणूस, जोहान्सबर्गला लागू पडत नाही. इथले सोने कठीण खडकात बारीक कणांनी विखुरलेले होते. टनभर दगड फोडावा तेव्हा काही ग्रॅम सोने हाती लागे. थर तिरका खोल जात होता. त्यासाठी विहिरीसारखे खोल खड्डे, यंत्रे आणि 1890 नंतर सायनाइडची प्रक्रिया लागली. हे एकट्या माणसाचे काम नव्हते. लवकरच खाणी मोठ्या भांडवलदार कंपन्यांच्या हातात गेल्या.

सोन्याचा भाव जगात ठरलेला, यंत्रांचा खर्चही ठरलेला. कमी करता येईल असा एकच खर्च उरला, मजुरी. म्हणून मोझांबिकपासून दूरदूरच्या गावांतून आफ्रिकन तरुण कराराने आणले गेले. त्यांना कुंपण घातलेल्या आवारात, ज्याला कंपाऊंड म्हणत, ठेवले जाई. बाहेर पडायला पास लागे. बोअर युद्धानंतर मजूर कमी पडले तेव्हा 1904 पासून साठ हजारांहून जास्त चिनी मजूर आणले गेले. खडकाची धूळ फुप्फुसात जाऊन किती माणसे खोकत मेली, त्याचा हिशेब सोन्याच्या विटेवर कोरलेला नसतो.

मग या शहरात आपले लोक काय करत होते? खाणीत फारच थोडे होते. बहुतेक जण दुकान आणि फेरीच्या धंद्यात होते. जिथे सगळेच सोन्याच्या मागे धावतात, तिथे कुणीतरी भाजी, फळे, कापड, साबण विकावेच लागते. हिंदी फेरीवाला टोपली घेऊन दारोदार जाई, लहान दुकानदार उधारीवर माल देई. थोड्या नफ्यावर समाधान मानणे आणि दुकानामागेच संसार थाटून खर्च वाचवणे ही त्यांची पद्धत होती. गरीब गिऱ्हाइकाला ते परवडे, आणि म्हणूनच गोऱ्या दुकानदारांना ते खुपे. हिंदी व्यापाऱ्यावर अस्वच्छतेचा आरोप होई, पण मूळ दुखणे गल्ल्याचे होते.

कायदाही त्याच बाजूने होता. ट्रान्सवालच्या 1885 च्या तिसऱ्या कायद्याने आशियाई माणसाला नागरिकत्व नाकारले. व्यापारासाठी येणाऱ्याला नोंदणीचे 25 पौंड भरावे लागणार होते. पुढच्या वर्षी ती रक्कम 3 पौंडांवर आली, पण नेमून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घेण्याची बंदी कायम राहिली. जोहान्सबर्गमधल्या या वस्तीचे नावच 'कुली लोकेशन' होते. नगरपालिका तिथे रस्ते, दिवे, सफाई देत नसे आणि मग घाणीसाठी तिथल्याच लोकांना दोष देई.

मार्च 1904 मध्ये जवळच्या एका सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या 23 हिंदी मजुरांना प्लेगने गाठले आणि ते याच वस्तीत आणले गेले. बहुतेक जण दगावले. पुढे नगरपालिकेने वस्ती रिकामी करून जाळून टाकली. लोकांना तेरा मैलांवर क्लिपस्प्रुटच्या माळावर तंबूंत नेले. निघताना घराघरांतली जमीन खणली गेली. कारण ही माणसे बँकेत जात नसत, कमाई पुरून ठेवत. ती नाणी गांधीजींकडे जमा झाली, जंतुनाशकाने धुऊन बँकेत गेली. गांधीजींच्या आठवणीप्रमाणे ती रक्कम साठ हजार पौंडांच्या आसपास होती. पैशापैशाने साठवलेले हे फेरीवाल्यांचे सोने.

1906 मध्ये नवा कायदा आला. प्रत्येक आशियाई माणसाने दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, दाखला जवळ बाळगावा, पोलिसाने मागताच दाखवावा. 11 सप्टेंबरला एम्पायर थिएटरच्या सभेत हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून शपथ घेण्याची गोष्ट काढली. सत्याग्रहाची सुरुवात या शपथेपासून मानतात. त्याच वर्षी हाजी वजीर अली यांनी हमिदिया इस्लामिक सोसायटी स्थापन केली होती. 16 ऑगस्ट 1908 रोजी फोर्डसबर्गच्या हमिदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून जास्त दाखले रॉकेल ओतून जाळले गेले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडले. हमिदिया सोसायटीचे एक अध्यक्ष होते इमाम अब्दुल कादिर बावझीर. त्यांचे पूर्वज अरबस्तानातून येऊन कोकणात स्थायिक झालेले, त्यामुळे त्यांना कोकणी येत असे. वडील मुंबईच्या जुम्मा मशिदीत मुअज्जिन होते. जोहान्सबर्गमध्ये त्यांचे सजवलेले घर होते, घोडागाडी होती. अनवाणी चालायची सवय नाही, तब्येत नाजूक. हा माणूस जेलमध्ये टिकणार नाही असे लोक म्हणत. 1908 च्या जुलैत त्यांनी मुद्दाम परवान्याशिवाय फेरी केली आणि सक्तमजुरीची शिक्षा भोगली. कापडाचे व्यापारी अहमद मोहम्मद काछलिया यांना गोऱ्या सावकारांनी धमकी दिली, चळवळ सोडा नाहीतर सगळी रक्कम आत्ता भरा. त्यांनी दुकान सावकारांच्या ताब्यात दिले आणि दिवाळखोर म्हणवून घेतले. सावकारांची पै न् पै वसूल झाली. इज्जत मात्र त्यांनी विकली नाही.

पण इतिहास सांगताना फक्त आपली बाजू उजळून चालत नाही. आपल्या व्यापाऱ्यांची लढाई त्यांच्या स्वतःच्या हक्कांची होती. खाणीतल्या ज्या आफ्रिकन मजुराला कितीतरी आधीपासून पास बाळगावा लागत होता, तो त्यांच्या मागणीत नव्हता. वस्ती जळाली तेव्हा तिथले आफ्रिकन रहिवासीही क्लिपस्प्रुटला पाठवले गेले. हिंदी लोक शहरात परतले, आफ्रिकन मात्र तिथेच राहिले. पुढे त्याच भागातून सोवेटो वाढले. जुलूम सोसणाऱ्यालाही शेजारच्याचा जुलूम दिसत नाही, हे आपण आपल्याबद्दल कबूल केले पाहिजे.

इमाम साहेब पुढे गांधीजींबरोबर साबरमतीला आले. 21 मे 1930 रोजी धारासण्याच्या मिठागराकडे निघालेल्या सत्याग्रहींच्या आघाडीवर, उतारवयात, ते होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. जोहान्सबर्गची फेरी आणि धारासण्याचे मीठ यांना जोडणारा हा माणूस कोकणच्या मुळांचा होता, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

आता तो धडा आला की मी वर्गात आधी फेरीवाल्याची टोपली सांगतो, मग वकिलाचा कोट. आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरच्या जुन्या पेटीत आफ्रिकेहून आलेली पत्रे, मनिऑर्डरच्या पावत्या किंवा जहाजाचे तिकीट असेल तर रद्दीत देऊ नका. घरातल्या बुजुर्गांना विचारा, नावे आणि सन लिहून ठेवा. कागद नसला की पुढच्या पिढीला आपण कोण होतो हे सिद्ध करत बसावे लागते, हे आज आपल्यापेक्षा चांगले कोण जाणतो?