निष्कास नळीवरील काजळी
मोटारगाडीच्या एंजिनात ज्वलनानंतर उरणारे वायू ज्या नळीतून वातावरणात सोडले जातात, तिच्या मुखाशी व आतील पृष्ठभागावर साचणारा काळा थर. कंदिलाच्या काचेवर धरणारी काजळी व ही काजळी मूलतः एकच होत. दोन्ही अपुऱ्या ज्वलनाने तयार होतात. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते. हवा याहून बरीच कमी पडली म्हणजे इंधनातील काही कार्बन ऑक्सिजनाशी संयोग न पावता घन कणांच्या रूपाने सुटा होतो. हे मूळ कण सामान्यतः १० ते ५० नॅनोमीटर व्यासाचे असतात. एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात, त्यांवर न जळलेली हायड्रोकार्बने व वंगण तेलाचे अंश शोषले जातात आणि वाटेत नळीच्या गार भागावर त्यांतील थोडे बसून राहतात. बाकीचे हवेत जातात. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

कार्ब्युरेटरच्या काळात एंजिनाची प्रकृती पाहण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नळीचे तोंड होते. कोरडी, बोटाला लागताच झडणारी काजळी दिसली, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, चोक अडकला आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे, असे मिस्त्री समजत. थर ओला व तेलकट असेल, तर दट्ट्याची कडी झिजून वंगण तेल जळत आहे, असे अनुमान काढीत. लांबच्या प्रवासानंतर नळी आतून फिकट करडी दिसली, तर जुळणी उत्तम मानली जाई. हा करडा रंग कार्बनाचा नव्हता, तर शिशाच्या संयुगांचा होता. टॉमस मिज्ली यांनी १९२१ साली डेटन (अमेरिका) येथे एंजिनातील ठोके थांबविणारे टेट्राएथिल लेड शोधून काढले व १९२३ पासून ते मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. शिसे एंजिनात साचू नये म्हणून त्यासोबत ब्रोमीन व क्लोरीन यांची संयुगे घालीत; त्यामुळे ते लेड ब्रोमाइड व क्लोराइड यांच्या रूपात नळीवाटे बाहेर पडे. १९२४ साली न्यू जर्सी राज्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार विषबाधेने मरण पावले, तरी त्याचा वापर वाढतच गेला. निरोगी एंजिनाची खूण म्हणून जो रंग कित्येक पिढ्या नावाजला गेला, तो विषाचा होता, ही या इतिहासातील चमत्कारिक गोष्ट होय.

द्विधाव एंजिनांत काजळीचा त्रास निराळा होता. त्यांत वंगण तेल पेट्रोलातच मिसळावे लागे व त्याचा काही भाग न जळताच बाहेर पडे. त्याचा चिकट थर निष्कास द्वारावर व सायलेन्सरमध्ये इतका साचे की, वायूंची वाट अरुंद होऊन स्कूटर चढावर दमू लागे. मग सायलेन्सर काढून तापवीत, आतील कार्बन जाळून ठोकून झटकीत आणि तो पुन्हा बसवीत. कार्बन काढणे हे भारतातील गॅरेजांचे अनेक दशके नेहमीचे काम होते. चतुर्धाव स्कूटरी रूढ झाल्यावर ते जवळजवळ नाहीसे झाले.

डीझेल एंजिनात एकूण हवा पुरेशी असूनही काजळी होते, कारण इंधन तुषारांच्या रूपात अखेरच्या क्षणी शिरते व तुषारांच्या गाभ्यात हवा पोहोचत नाही. हा धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून कायद्याने प्रथम त्यालाच गाठले. पॅरिसमधील माक्सिमील्यां रिंगेलमान यांनी १८८८ साली धुराड्यांच्या धुराचा काळेपणा ठरविण्यासाठी काळ्या रेघांच्या जाळ्यांचे तक्ते तयार केले होते. पुढे वाहनांसाठी धुरातून प्रकाश पाठवून किती अडतो, ते मोजणारी उपकरणे आली. त्यांतील हार्ट्रिज मापकाचे ६५ एकक ही मर्यादा भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत घालण्यात आली. मुंबईत धुराचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींनंतर जुन्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर आणण्यात आल्या. या वायूतील मिथेनाच्या रेणूत कार्बनाचा एकच अणू असल्याने त्याची काजळी फार थोडी होते.

दरम्यान, आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की, लॉस अँजेल्सचे झोंबरे धुके नळीतून निघणारी अदृश्य हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते. त्यांवरील उपाय म्हणून अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून उत्प्रेरकी परिवर्तक आले. शिशाने उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आवश्यक ठरले. भारतात ते १९९५ साली चार महानगरांत व २००० साली देशभर लागू झाले. जगातील मोटारींच्या पेट्रोलातून शिसे शेवटी २०२१ साली अल्जीरियात गेले. शिसे गेल्यावर नळीचा करडा रंगही गेला व तोंड काळसर दिसू लागले. जुन्या कसोटीने पाहणाऱ्यास एंजिन बिघडले असे वाटणे साहजिक होते. वस्तुतः नळीची भाषाच बदलली होती.

परिवर्तक व ऑक्सिजन-संवेदक यांनी मिश्रण काटेकोर झाले, पण सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणारी एंजिने पसरू लागली, तशी काजळी परत आली. मिश्रण होण्यास वेळ कमी मिळतो, दट्ट्याचा माथा ओला होतो, विशेषतः थंड एंजिन सुरू करताना. २००० साली प्यूजो कंपनीने डीझेल गाडीत कण-गाळणी बसविली. तीत साचलेली काजळी ठरावीक अंतराने सु. ६००° से. पर्यंत तापवून जाळली जाते. यूरोपीय संघाने २०११ पासून डीझेलचे व २०१४ पासून थेट फवारणीच्या पेट्रोल गाड्यांचे कण केवळ तोलण्याऐवजी मोजण्याचे ठरविले. डीझेल गाड्यांसाठी मर्यादा किमी. मागे ६०,००० कोटी कणांची होती. पेट्रोल गाड्यांना प्रथम तिच्या दहापट सवलत मिळाली, ती २०१७ साली काढून घेण्यात आली. डीझेलचा निष्कास मानवात कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला होता.

गाळणी असलेल्या डीझेल गाडीची नळी रुमालाने पुसली, तरी तो जवळजवळ स्वच्छ राहतो. अशाच स्वच्छ नळ्यांच्या फोक्सवॅगन गाड्या २०१५ साली अमेरिकेत पकडल्या गेल्या. प्रयोगशाळेतील चाचणी ओळखणारी आज्ञावली त्यांत होती व रस्त्यावर त्या नायट्रोजन ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडीत होत्या. जगभर अशा सु. १·१ कोटी गाड्या निघाल्या. या ऑक्साइडांचा नळीवर कोणताही थर बसत नाही. त्यानंतर प्रत्यक्ष रस्त्यावर मापन करण्याची पद्धत यूरोपात २०१७ साली व भारतात एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना बंधनकारक झाली. रस्त्यावरील जुन्या वाहनांच्या नियमित तपासणीचा भर मात्र भारतात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बने व डीझेल धुराचा काळेपणा यांवरच राहिला आहे.