द प्रिझनर ऑफ झेंडा (१९३७ व १९५२)

अँथनी होप यांच्या १८९४ सालच्या याच नावाच्या साहसी कादंबरीवरील दोन हॉलिवूड चित्रपट. पहिला कृष्णधवल, निर्माते डेव्हिड ओ. सेल्झनिक, दिग्दर्शक जॉन क्रॉमवेल. दुसरा रंगीत, एमजीएमचा. दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प. त्याआधी रेक्स इन्ग्राम यांचा मूकपट (१९२२) येऊन गेला होता.

रुरिटानिया या काल्पनिक राज्यात सुटीवर आलेला रुडॉल्फ रॅसेंडिल हा इंग्रज तिथल्या राजासारखा हुबेहूब दिसतो. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला मद्यातून गुंगीचे औषध दिले जाते, पुढे त्याला झेंडाच्या किल्ल्यात डांबतात आणि हा तोतया सिंहासनावर बसतो. राजाच्या वाग्दत्त वधूवर, राजकन्या फ्लाव्हियावर, त्याचे प्रेम जडते. पण ती अखेर कर्तव्य निवडते.

१९५२ च्या चित्रपटाने केवळ कथा घेतली नाही. पटकथा, संवाद, दृश्यांची मांडणी, आल्फ्रेड न्यूमन यांचे पार्श्वसंगीतसुद्धा जुनेच वापरले. इतकी इमानदार नक्कल व्यावसायिक चित्रपटांत क्वचितच आढळते. तरीही चित्रपट वेगळा झाला, तो नटांमुळे. १९३७ च्या चित्रपटातील रोनाल्ड कोलमन यांच्या संथ, किंचित थकलेल्या आवाजामुळे तोतयाचा त्याग खरा वाटतो. १९५२ मधील स्टुअर्ट ग्रेंजर रुबाबदार आहेत, पण त्यांच्या रॅसेंडिलला काही गमवावे लागते आहे असे जाणवत नाही. नव्या चित्रपटातील डेबोरा कर यांची फ्लाव्हिया मात्र जुन्यातील मॅडलिन कॅरल यांच्यापेक्षा उणी नाही. सर्वांत मोठा फरक रुपर्ट या खलनायकात आहे. जुन्या चित्रपटातील डग्लस फेअरबँक्स (धाकटे) यांचा रुपर्ट हसत हसत दगा देतो आणि तरी आवडतो. नव्यातील जेम्स मेसन यांचा थंड, हिशेबी आहे. त्याची भीती वाटते, मोह पडत नाही.

रंगामुळे राज्याभिषेकाला झळाळी आली, किल्ल्याचे गूढ मात्र गेले. जुन्या चित्रपटातील जेम्स वाँग हाउ यांच्या छायाचित्रणातील सावल्यांना टेक्निकलरमध्ये पर्याय सापडला नाही. शेवटच्या द्वंद्वात मात्र नवा चित्रपट सरस ठरतो. ग्रेंजर हे पट्टीचे तलवारबाज. त्याच वर्षीच्या ‘स्कारामूश’मध्येही ते दिसले होते.

पहिल्या चित्रपटाला काळाचीही साथ लाभली. प्रेमासाठी ब्रिटनची गादी सोडणाऱ्या आठव्या एडवर्डचा राजत्याग डिसेंबर १९३६ मधला, सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक मे १९३७ मधला. त्याच वर्षी पडद्यावरची राजकन्या प्रेम सोडून गादी राखत होती. १९५२ मध्ये हा संदर्भ उरला नव्हता.

मूकपटातील नायक लुइस स्टोन हे १९५२ च्या चित्रपटात कार्डिनलच्या छोट्या भूमिकेत आहेत. जाणकार प्रेक्षकाला ही गंमत लगेच कळते. १९३७ चा चित्रपट १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला. याच कथेवरून शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी बंगालीत ‘झिंदेर बंदी’ लिहिली. तपन सिन्हा यांनी १९६१ मध्ये त्यावर चित्रपट काढला. त्यात उत्तमकुमार दुहेरी भूमिकेत, तर सौमित्र चटर्जी खलनायक होते.