उरणचं तेल आणि दोन प्रकारचे साबण

आमच्या उरणला तेल नवीन नाही. १९७४ मध्ये 'सागरसम्राट'ला मुंबई हायमध्ये तेल सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९७८ पासून ते समुद्राखालच्या सुमारे २०० किलोमीटर लांब नळातून आमच्या गावी येऊ लागलं. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, रसायनशास्त्र नव्हे. पण या तेलाचा इतिहास समजायला थोडं रसायन लागतंच.

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, मध्यस्थ असेल तर मात्र नांदतात. आपला रिठा घ्या. त्यातल्या सॅपोनिनचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. म्हणून ते दोघांच्या सीमेवर बसतं आणि केसांतलं तेल पाण्याबरोबर निघून जातं.

गंमत म्हणजे खनिज तेलात असे मध्यस्थ जन्मापासूनच असतात. अस्फाल्टीन आणि रेझिन ही त्यांची नावं. विहिरीतून तेलाबरोबर पाणीही येतं. हे मध्यस्थ पाण्याच्या बारीक थेंबांभोवती चिवट साय धरतात, मग पाणी वेगळं होईना. अशा वेळी कारखान्यात माणसाने बनवलेला दुसरा मध्यस्थ अगदी थोडा घालतात. तो चपळाईने सीमेवर पोचतो, जुन्यांना जागेवरून उठवतो, साय फाटते, थेंब एकमेकांत मिळतात आणि पाणी तळाशी बसतं. इथे कृत्रिमाने नैसर्गिकावर मात केली, आणि ती आपल्या फायद्याची.

समुद्रात मात्र गोष्ट निराळी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन जड इंधन सांडलं आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या कांदळवनांपर्यंत पोचलं. जड इंधनात अस्फाल्टीन भरपूर. लाटांनी घुसळलं की ते पाणी पिऊन फुगतं, तपकिरी लगदा होतो. तटरक्षक दलाने तवंगावर रसायन फवारलं. हे रसायन तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात विखुरतं. पण लगदा एकदा घट्ट झाला की त्याचा फारसा उपयोग होत नाही. उथळ खाडीत तर ते वापरू नये असंच जाणकार सांगतात.

याचा धडा जगाला १९६७ मध्येच मिळाला होता. इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ 'टॉरी कॅन्यन' फुटलं, तेव्हा सुमारे १०,००० टन रसायनं ओतली गेली. तेलापेक्षा त्यांनीच खडकांवरचे शंख-शिंपले जास्त मारले. जिथे ती वापरली नाहीत, तो किनारा लवकर सावरला. पुढे कमी विषारी रसायनं आली, हेही सांगायला हवं.

म्हणून तवंग दिसेनासा झाला की 'समुद्र साफ झाला' असं म्हणताना मी थबकतो. डोळ्यांना दिसत नाही ते तेल थेंब होऊन पाण्यातच असतं. त्यातलं काही सूक्ष्म जीव हळूहळू खातात. तेही त्यासाठी आपापले साबण तयार करतात. पण तोवर करंजा-मोऱ्याच्या कोळ्यांनी जाळं टाकायचं ते त्याच पाण्यात.

असो. वाचकांत कोणी रसायनवाले असतील तर त्यांनी भर जरूर घालावी.