आश्रय आणि अवशेष : मुंबईतील प्रायोगिक लघुपट व ॲनिमेशन (१९५६ ते १९७६)

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा इतिहास प्रामुख्याने कथापटाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. अनुबोधपटाला त्यात स्वतंत्र प्रकरण मिळते. परंतु चार ते दहा मिनिटांच्या प्रायोगिक लघुपटांचा आणि ॲनिमेशनचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो. वस्तुतः १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई शहरात या प्रकाराचे दोन स्वतंत्र प्रवाह एकाच वेळी वाहत होते. एक शासनाच्या फिल्म्स डिव्हिजनमधील, तर दुसरा चित्रकारांनी उभारलेल्या कार्यशाळेतील. या दोन प्रवाहांचे स्वरूप आणि त्यांतील कृतींच्या वाट्याला आलेले भवितव्य यांचा तौलनिक विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. कलावंताला मिळालेले स्वातंत्र्य आणि त्याच्या कृतीचे टिकून राहणे या दोन गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालतातच असे नाही, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका

एकेक चौकट स्वतंत्रपणे चित्रित करून निर्जीव वस्तूला गती देण्याचे तंत्र महाराष्ट्राला फार पूर्वीपासून परिचित होते. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पडद्यावर आणण्यापूर्वीच वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने चित्रित केली होती. पुढे १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट त्यांनी काड्यांच्या हालचालींतून साकारला. प्रभात फिल्म कंपनीचा 'जंबू काका' (१९३४) हा याच वाटेवरचा प्रयत्न होय. तथापि हे प्रयत्न विखुरलेले राहिले. त्यांमागे प्रशिक्षणाची व्यवस्था नव्हती आणि कथापटाच्या बाजारपेठेत अशा कृतींना निश्चित स्थानही नव्हते.

या दोन्ही उणिवा स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने भरून काढल्या. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाबरोबर मान्यताप्राप्त लघुपट दाखविणे बंधनकारक असल्याने या संस्थेला हक्काचा प्रेक्षक लाभला. १९५६ च्या सुमारास संस्थेत व्यंगपट विभाग सुरू झाला. डिस्ने कंपनीत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुण चित्रकारांना प्रशिक्षण दिले. जातककथेवर आधारित 'द बनियन डिअर' (१९५७) हे त्या प्रशिक्षणाचे फलित होय. भारतीय ॲनिमेशनचे पुढील काळातील अग्रणी राम मोहन (१९३१–२०१९) यांची जडणघडण याच विभागात झाली. त्याच सुमारास जाँ भावनगरी यांनी 'राधा अँड कृष्ण' या लघुपटात पहाडी लघुचित्रांवरून कॅमेरा फिरवून, स्थिर चित्रालाही संगीत आणि संकलन यांच्या साहाय्याने गती देता येते, हे दाखवून दिले.

शासकीय संस्थेतील प्रयोग

भावनगरी पॅरिसमधील युनेस्कोच्या सेवेतून १९६५ मध्ये मुख्य सल्लागार म्हणून पुन्हा मुंबईत आले. त्यांच्या सुमारे दोन वर्षांच्या कारकिर्दीत संस्थेतील वातावरण मोकळे झाले. एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय ॲम २०' (१९६७) आणि बर्लिन महोत्सवात सन्मानित झालेला मकबूल फिदा हुसेन यांचा 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' (१९६७) या त्या काळातील लक्षणीय कृती होत.

ॲनिमेशनच्या दृष्टीने मात्र सर्वाधिक महत्त्व प्रमोद पती (१९३२–१९७५) यांच्या कार्याला द्यावे लागेल. चेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्रन्का यांच्याकडे त्यांनी बाहुलीपटाचे शिक्षण घेतले होते. बाहुलीसाठी वापरले जाणारे तंत्र त्यांनी जिवंत माणसांना लावले. पिक्सिलेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत नट प्रत्येक चौकटीसाठी आपली स्थिती किंचित बदलतो. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने एका मिनिटाच्या चित्रणासाठी १,४४० चौकटी लागतात. पडद्यावर मात्र मनुष्य जणू गुरुत्वाकर्षणाच्या बंधनातून सुटल्यासारखा वावरताना दिसतो. 'अबिद' (१९७२) मध्ये चित्रकार आबिद सुरती यांना पतींनी एका खोलीत याच पद्धतीने वावरायला लावले. तेथे चित्रकार चित्र काढीत नाही, तर स्वतःच चित्राचा भाग होतो. 'एक्सप्लोरर' (१९६८) मध्ये क्षणार्धात बदलणाऱ्या प्रतिमा आणि विजय राघव राव यांची ध्वनियोजना यांतून परंपरा व आधुनिकता यांच्या ओढाताणीत सापडलेल्या तरुण पिढीचे दर्शन घडते.

पतींच्या 'सिक्स फाइव्ह फोर थ्री टू' आणि 'क्लॅक्सप्लोजन' (दोन्ही १९६८) या लघुपटांचा विषय कुटुंबनियोजन हा होता, ही बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. विषय शासनाने नेमून दिलेला, परंतु मांडणी कलावंताची, अशी ही तडजोड होती. प्रचाराच्या चौकटीतच प्रयोगाला वाव शोधण्यात आला.

चित्रकारांची कार्यशाळा

दुसऱ्या प्रवाहाला अशी तडजोड करावी लागली नाही. चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांना जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली आणि तिच्या आधारे त्यांनी १९६९ मध्ये मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांना एकत्र काम करता यावे, हा तिचा उद्देश होता. तेथे विषय नेमून देणारा कोणी नव्हता आणि मान्यतेसाठी थांबावे लागत नव्हते. पदमसींच्या 'सिझिजी' (१९७०) मध्ये पात्र, कथा वा निवेदन यांपैकी काहीही नाही. बिंदू आणि रेषा यांच्या गणिती रचना एकामागून एक उलगडत जातात. नलिनी मलानी यांनी याच कार्यशाळेत 'ड्रीम हाउसेस' (१९६९) हा रंगीत ॲनिमेशनपट तयार केला. नव्या नगररचनेविषयीचा त्या काळातील आशावाद त्यात आहे. पुढे १९७६ मध्ये शहराकडे पाहणाऱ्या एका तरुणीचे कृष्णधवल चित्रण त्यांनी त्याच्या शेजारी ठेवले आणि 'युटोपिया' ही दुपडदी कृती सिद्ध झाली. स्वप्न आणि स्वप्नभंग यांच्यातील सात वर्षांचे अंतर प्रेक्षकाला एकाच वेळी दिसते. शासनाच्या लघुपटात असा स्वप्नभंग इतक्या उघडपणे मांडणे कठीण होते.

जतनाचा प्रश्न

फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट संस्थेच्या यादीत नोंदले गेले आणि त्यांच्या मूळ प्रती संग्रहात राहिल्या. त्यामुळेच पतींचे लघुपट पुढील पिढ्यांना पुन्हा पाहता आले. कार्यशाळेतील कृतींची गोष्ट निराळी. पदमसींच्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' (१९६९) या लघुपटाची एकमेव प्रत हरवली. अशिम अहलुवालिया यांनी त्याच नावाच्या २०१६ मधील चित्रपटात वृद्ध पदमसींच्या स्मरणाच्या आधारे तिचा शोध घेतला. ज्या कृतीवर कोणाचेही बंधन नव्हते, तिची जबाबदारीही कोणावर नव्हती, असे खेदाने म्हणावे लागते.

यावरून शासकीय आश्रय श्रेष्ठ ठरतो, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. त्या आश्रयाने कृती टिकवल्या, परंपरा टिकवली नाही. भावनगरी १९६७ मध्ये परतले, पती १९७५ मध्ये अकाली निधन पावले आणि त्याच वर्षी आणीबाणी लागू होऊन संस्थेवरील प्रचाराचा भार वाढला. प्रयोगाचा अवकाश नियमाने नव्हे तर व्यक्तींमुळे निर्माण झाला होता. त्यामुळे व्यक्तींबरोबरच तो आक्रसत गेला. १९९० पासून मुंबईत भरणाऱ्या लघुपट महोत्सवाने या प्रकाराला व्यासपीठ दिले, तरी निर्मितीची ती सलगता पुन्हा निर्माण झाली नाही. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाल्याने तिच्या संग्रहाच्या जतनाचा प्रश्न अभ्यासकांच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

समारोप

प्रायोगिक लघुपटाला स्वातंत्र्य आणि नोंद या दोहोंची गरज असते, हे या दोन प्रवाहांच्या इतिहासातून दिसून येते. मुंबईत त्या काळी एका ठिकाणी नोंद होती, पण स्वातंत्र्य मर्यादित होते. दुसऱ्या ठिकाणी स्वातंत्र्य होते, पण नोंद नव्हती. आज महाविद्यालयीन विद्यार्थी भ्रमणध्वनीवर लघुपट व ॲनिमेशन तयार करतात. स्पर्धा संपते, पारितोषिके दिली जातात आणि मूळ फाइल एखाद्या संगणकातून केव्हा पुसली जाते हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कर्त्याचे नाव, निर्मितीचे वर्ष, वापरलेले तंत्र आणि मूळ प्रत एवढ्या चार गोष्टी जरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जपल्या गेल्या, तरी उद्याच्या इतिहासकाराला केवळ कलावंताच्या स्मरणावर विसंबून राहावे लागणार नाही.